बाटलीचा ओपनर घडवताना या चुका टाळा

भट्टीवर नव्याने बसणाऱ्यासाठी ओपनर ही फार चांगली वस्तू आहे. वीतभर लोखंड पुरतं. चपटं करणं, भोक पाडणं, ते फुगवणं, दांडा लांबवणं, पीळ देणं ही लोहारकामातली मूळ कामं एवढ्याशा वस्तूत येऊन जातात, आणि काम जमलं की नाही हे बूच लगेच सांगतं. तरीही गोव्यातल्या बाजारांत आणि हौशी लोकांच्या टेबलांवर दिसणारे हाती घडवलेले कितीतरी ओपनर बूच काढत नाहीत. पीळ देखणा असतो, टोकाला पान वळवलेलं असतं, बूच मात्र जागचं हलत नाही. चुका त्याच त्याच असतात आणि त्यांतल्या मोठ्या चुका लोखंड भट्टीत जाण्याआधीच झालेल्या असतात.

बूच न मोजता भोक पाडणं

सगळ्यात जास्त ओपनर इथेच वाया जातात. लोक भोक पाडतात, ते ऐरणीच्या शिंगावर (तिच्या निमुळत्या गोल टोकावर) फुगवतात, गोल दिसलं की थांबतात आणि मग बाटली शोधायला जातात. हा क्रम उलटा हवा. बूच आधी, भट्टी नंतर.

दातेरी पत्र्याच्या बुचाचं पेटंट १८९२ सालचं आहे. आजचं बूच २१ दात्यांचं, बाहेरून सुमारे ३२ मि.मी. रुंद आणि ६ मि.मी. उंच असतं. ज्या काचेच्या तोंडावर ते बसतं ते साधारण २६ मि.मी.चं. बिअर असो वा सोडा, आपल्याकडच्या बाटल्यांना हेच माप चालतं. ओपनरचं काम दोन जागांवर चालतं: दात, म्हणजे ओपनरच्या कडीत आत आलेली जीभ, बुचाच्या कडेखाली शिरतो आणि कडीची, म्हणजे फुगवलेल्या भोकाभोवतीच्या गोलाची, समोरची आतली बाजू बुचाच्या माथ्यावर टेकते. दांडा वर उचलला की माथ्यावरचा टेकू जागेवर राहतो आणि दात कड उचकटतो.

म्हणून खरं माप एकच आहे: दाताच्या टोकापासून समोरच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर. ते २० ते २२ मि.मी. ठेवा. ३२च्या पुढे गेलं तर कडी बुचाभोवती बांगडीसारखी उतरते आणि काहीच धरत नाही. २६-२७ झालं तर टेकू बुचाच्या पलीकडच्या काठावर जातो, तिथून तो घसरतो आणि ओपनर हातात फिरतो. १५च्या खाली आलं तर दात आत शिरतो खरा, पण टेकू दाताच्या फार जवळ पडल्यामुळे बूच मधोमध दुमडतं आणि अर्धवट लोंबकळत राहतं.

कडी आतून २८ ते ३० मि.मी. करा आणि तिच्यात ७-८ मि.मी. दात आत आणा, म्हणजे अंतर आपोआप जुळतं. तापलेलं लोखंड फुगलेलं असतं हे खरं, पण २२ मि.मी.त तो फरक ०.३ मि.मी.च्या आसपास असतो, त्याचा हिशेब करत बसू नका. त्यापेक्षा एका लाकडी खुंटीवर बूच ठोकून ती ऐरणीशेजारी ठेवा. प्रत्येक तावानंतर, म्हणजे एकदा तापवून ठोकून झालं की, तुकडा काळा पडू लागला की तिच्यावर टेकवून पाहा. खुंटी थोडी जळेल, जळू द्या.

आता भोकाचं. १६ मि.मी.ची सळई ८ मि.मी. जाडीपर्यंत चपटी केली तर रुंदी साधारण २५ मि.मी. येते. तिच्यात १० मि.मी.चं गोल भोक पाडून ते थेट २८वर न्यायला निघालं की कडीची भिंत एका बाजूला कागदासारखी होते आणि तिथेच फाटते. गोल भोकाऐवजी लांबीच्या दिशेने २२ ते २५ मि.मी.ची फट पाडा. फटीच्या दोन्ही टोकांना आधी ५ मि.मी.चं भोक ड्रिलने पाडून घेतलं तर कोपऱ्यात चीर जात नाही. ड्रिल वापरणं म्हणजे फसवणूक असं मानणारे काही जण आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. फट उघडून शिंगावर फुगवल्यावर दोन्ही भिंती सारख्या, ६-७ मि.मी.च्या उरल्या पाहिजेत. एक बाजू जाड राहिली असेल तर मार तिच्यावरच द्या आणि पातळ बाजू ओल्या फडक्याने थंड करून घ्या.

सुंब्याने (ठोकून भोक पाडायच्या हत्याराने) भोक पाडणार असाल तर दर दोन-तीन घावांनी सुंबा पाण्यात बुडवा आणि भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाका, नाहीतर तो आतच अडकतो. वरून घाव देताना आवाज बदलला, घट्ट लागू लागलं की तुकडा उलटा करा. मागच्या बाजूला एक काळपट ठिपका दिसेल. त्याच्यावर सुंबा ठेवून मारलं की गोळी खाली पडते. हे न करता एकाच बाजूने आरपार ठोकत राहणारे सुंब्याचं टोक आणि तुकडा दोन्ही बिघडवतात.

दात वेल्ड करून चिकटवणं

हा आडमार्ग आहे. घाईच्या लोकांना तो फार आवडतो, आणि पाट्याच्या (ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्टीच्या) लोखंडावर तर जोडाशेजारची पट्टी ठिसूळ होऊन दात तिथूनच निघतो. दात कडीच्याच लोखंडातून काढायचा असतो आणि ते अवघड नाही. दांड्याकडची आतली कड केशरी तापवा, तुकडा ऐरणीवर सपाट ठेवा आणि १० मि.मी. रुंद सपाट तोंडाच्या सुंब्याने त्या कडेवर वरून मारा. ८ मि.मी.ची जाडी ३ मि.मी.वर आली की दबलेलं लोखंड जिभेसारखं आत सरकतं. खालची बाजू मूळ पातळीतच राहते, आणि ती तशीच हवी. मग कानशीने जीभ ८ ते १० मि.मी. रुंद आणि टोकाला अडीच मि.मी. जाड करा, सगळ्या धारा मोडा. दात जाड राहिला तर बुचाच्या कडेखाली शिरत नाही, फार लांब झाला तर काचेवर दाबतो. शेवटच्या तावात कडीचं पुढचं टोक किंचित वर वाकवा, म्हणजे ओपनर तिरपा न धरताही टेकू माथ्यावर बसतो.

पाट्याला पाणी देणं

डिचोली, सांगे, केपे या भागांतल्या भंगारअड्ड्यांवर खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे पाटे मिळतात. लोखंड उत्तम. पण पहिल्याच ओपनरसाठी पाटा उचलणं मला पटत नाही. तो साध्या लोखंडापेक्षा कितीतरी कडक लागतो, नवख्याचा हात थकतो आणि थकलेला हात थंड लोखंडावर मारत राहतो. पहिले पाच-सहा ओपनर सळईचे किंवा साध्या लोखंडाचे करावेत, मग पाट्याला हात लावावा.

पाट्याची खरी अडचण शेवटी येते. कोयता नाहीतर आदोळी (विळी) घडवताना लोहार पातं लाल करून पाण्यात बुडवतो हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे ओपनरही तसाच ‘पक्का’ करावा असं वाटतं. एका शिकाऊ मुलाने नेमकं हेच केलं होतं. कडी सुरेख, मापं अचूक, आणि शेवटी लालभडक तुकडा बादलीत. ऐरणीवर टिचकी मारली की खणखणीत वाजायचा, तो खूश होता. एका शॅकमध्ये त्याच्या ओपनरने पहिल्या काही बाटल्या छान उघडल्या. मग एका बाटलीवर दात मुळातूनच तुटला, हात सटकला, कडी काचेवर आदळली आणि बाटलीच्या तोंडाचा टवका उडाला. कोणाला लागलं नाही, पण बाटली ओतून द्यावी लागली आणि पुढचा सगळा वेळ फरशीवर काचा शोधण्यात गेला. दात जिथून तुटला तो भाग खडीसाखरेसारखा दाणेदार होता. म्हणजे लोखंड आधी जास्त तापवलं गेलं होतं, त्यात पाणी दिलं आणि नंतर हलकं तापवून कडकपणा उतरवलाही नाही.

ओपनरला धार नसते, त्याला कडकपणाची गरज नाही. त्याला चिवटपणा हवा. त्यामुळे ओपनरला पाणी द्यायचंच नाही. पाट्याचा ओपनर घडून झाला की तो एकसारखा लाल करा, लोहचुंबक चिकटायचं थांबेपर्यंत, म्हणजे साधारण ७७० अंशांपर्यंत, आणि थोडा वर नेऊन हवेत काळा होऊ द्या. असं तीनदा करा. शेवटच्या वेळी कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेवा, कारण दाताचा पातळ भाग नुसत्या वाऱ्यावरही कडक होऊ शकतो. घडवतानाही चटका नको म्हणून तापलेला पाटा पाण्यात बुडवायची सवय लागते, ती पहिल्या दिवसापासून मोडा. साध्या लोखंडाला या बुडवण्याने फारसं काही होत नाही, पाट्याला मात्र तडा जातो.

जुन्या पाट्यात मधल्या बोल्टच्या भोकाजवळ न दिसणाऱ्या चिरा असतात. तो भाग कापून टाका, त्याचा मोह धरू नका.

जस्ताचा मुलामा चढवलेलं लोखंड भट्टीत टाकणं

इथे चूक झाली तर माणूस आजारी पडतो. ट्रॉलरच्या जेटीजवळच्या भंगारात साखळ्या, कड्या, बोल्ट मिळतात. खाऱ्या हवेतही ते कमी गंजलेले दिसतात, म्हणून चांगले वाटतात. ते गंजलेले नसतात कारण त्यांच्यावर जस्त असतं. जस्त ९०७ अंशांवर उकळतं आणि घडवण्याचं तापमान त्याच्या वर आहे. पांढरा दाट धूर निघतो. काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, छाती जड होते, अंग मोडून येतं. दूध प्यायलं की उतरतं ही समजूत चुकीची आहे. त्रास वाढला तर डॉक्टरकडे जा आणि जस्ताच्या धुराबद्दल स्पष्ट सांगा. पिवळसर चमक असलेले बोल्ट आणि क्रोम चढवलेले भाग याहून वाईट. काय चढवलंय हे कळत नसेल तर तुकडा परत ढिगात टाका. भंगाराला तोटा नाही. बंद शॉक अॅब्सॉर्बर अख्खा भट्टीत ठेवणं तर थेट स्फोटाला बोलावणं आहे.

लोखंड कसलं आहे हे ग्राइंडरवर कळतं. ठिणग्या लांब, सरळ आणि फुलं कमी असतील तर साधं लोखंड. टोकाला दाट फुलं फुटली तर पाट्याच्या जातीचं.

थोडक्यात आटपणाऱ्या चुका

टीएमटी सळईचे उंचवटे आधी ग्राइंडरने काढा. तसेच ठोकले तर ते आत दुमडतात आणि कडीवर चिरा म्हणून परत दिसतात. १६ मि.मी.ची सळई मीटरला १.५८ किलो भरते, १५० मि.मी.चा तुकडा एका ओपनरला पुरतो आणि २४० ग्रॅमच्या आत राहतो. १२ मि.मी.च्या सळईत कडीला माल पुरत नाही.

लाल रंग मावळला की हातोडा थांबवा. ‘अजून दोन घाव’ हेच दोन घाव चीर पाडतात.

ब्लोअर पूर्ण उघडून ठेवू नका. तुकडा हवेच्या नळीच्या अगदी तोंडासमोर न ठेवता वर ठेवा, त्याच्याखाली चार बोटं पेटता कोळसा हवा. तुकड्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या तर तेवढा भाग जळाला. तो कापून टाका, ठोकून सुधारत नाही.

पावसात भिजलेला जांभ्या दगडाचा चिरा किंवा सिमेंटचा ठोकळा भट्टीला लावू नका. आतल्या वाफेने कपचे उडतात. हीच गोष्ट फरशीवर टाकलेल्या लाल तुकड्याची.

दांडा आणि कडी जिथे मिळतात तिथे ऐरणीच्या धारदार कोपऱ्यावर खाच पाडू नका, गोलसर कोपऱ्यावर पाडा.

पीळ देताना दांडा एकसारखा तापलेला हवा. जिथे जास्त लाल तिथेच सगळा पीळ जमा होतो.

सुती कपडे, डोळ्यांना चष्मा, हातोड्याच्या हातात मोजा नाही. काळा दिसणारा तुकडाही ४०० अंशांचा असू शकतो, उचलण्याआधी हात जवळ नेऊन पाहा.

खोबरेल लावून काम संपवणं

आपल्याकडे लोखंडाला खोबरेल लावण्याची पद्धत आहे आणि रोज वापरातल्या कोयत्याला ती चालते. विकायच्या किंवा भेट द्यायच्या ओपनरला नाही. खोबरेल कधीच सुकत नाही. ते धूळ धरतं, वास मारतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत जूनच्या पहिल्या पावसापर्यंत खाली तांबेरा धरलेला असतो.

आधी तापवताना चढलेले काळे पोपडे पूर्ण काढा. लालसर असतानाच तारेच्या ब्रशने घासलं तर अर्धं काम तिथेच होतं. उरलेल्यासाठी तुकडा रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा. माडाचं व्हिनेगर यासाठी खर्च करायची गरज नाही. सकाळी घासून धुवा आणि लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. ही पायरी टाळली तर दुपारपर्यंत गंज चढतो. पुसून, भट्टीच्या कडेला ठेवून पूर्ण कोरडा करा.

मग जवसाचं तेल. तुकडा एवढा गरम हवा की तेल लावताच हलका धूर यावा, पण पेटू नये. थर अगदी पातळ, फडक्याने पुसून जवळजवळ काढून टाकल्यासारखा. थंड झाल्यावर पुन्हा, असे तीन-चार थर. जाड थर दिला तर तो चिकट राहतो आणि वर बोटांचे ठसे उमटतात. शेवटी तुकडा कोमट असताना मधमाशीचं मेण चोळा. रंग किंवा वार्निश दाताजवळ लगेच उडतं, त्या भानगडीत पडू नका.

जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.