सार्वजनिक वाहतूक नियामकाचा कार्बन रिपोर्ट: या चुका टाळा

दरवर्षी रिपोर्टचे दिवस आले की त्याच त्या चुका समोर येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

सगळ्यात मोठी चूक, हद्द न ठरवता आकडे गोळा करत सुटणं. नियामक बस चालवत नाही, तो परवाने देतो, तपासणी करतो. त्याच्या तपासणीच्या गाड्यांचं इंधन हे त्याचं स्कोप १ (स्वतःचं थेट उत्सर्जन), ऑफिसची वीज स्कोप २ (विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन). ऑपरेटरच्या बसचं डिझेल हे ऑपरेटरचं स्कोप १. ते जरूर दाखवा, लोकांना तोच आकडा बघायचा असतो, पण वेगळ्या तक्त्यात, स्वतःच्या आकड्यात मिसळून नाही.

आणि ऑपरेटरचे आकडे जोडताना डबल मोजणी होतेय का ते बघा. मी हे काम करायचो तिथे एक डेपो वर्षाच्या मध्यात जुन्या कंत्राटदाराकडून नव्याकडे गेला. दोघांनीही अख्ख्या वर्षाचं डिझेल भरून पाठवलं आणि आम्ही दोन्ही जोडलं. पुढच्या वर्षी त्या डेपोचा एकच फॉर्म आला, आलेख खाली घसरला, सगळे खूश, प्रेसनोटसुद्धा तयार. मला खटकत होतं कारण बस धावल्या होत्या तेवढ्याच. मग दोन दिवस बसून डेपोवार हिशोब लावला तर लिटरला चार किलोमीटर जाणारी बस मागच्या वर्षीच्या कागदावर जेमतेम दोन जात होती! प्रेसनोट थांबवली, आधीच छापलेला आकडा दुरुस्त करून जाहीर करावा लागला, आणि ते करायला सोपं नव्हतं. तेव्हापासून मी शीट ऑपरेटरच्या नावाने लावतच नाही, डेपो आणि महिना असाच लावतो, आणि बेरजेच्या आधी किलोमीटर प्रति लिटर बघतो.

दुसरी चूक प्रवासी-किलोमीटरची (एक माणूस एक किलोमीटर गेला की एक प्रवासी-किलोमीटर). सीट गुणिले किलोमीटर केलं की झालं असं नव्या मुलांना वाटतं. १ लिटर डिझेल जाळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे लिटरला ४ किलोमीटर देणाऱ्या बसचे किलोमीटरला ६७० ग्रॅम. ४० सीटने भागा, १७ ग्रॅमच्या आत येतं. पण बसमध्ये सरासरी १० माणसं असली तर तेच ६७ ग्रॅम होतं. तिकिटाचा डेटा मागवायला वेळ लागतो हे मान्य आहे, तरी मागवाच. नाही मिळाला तर ग्रॅम प्रति बस-किलोमीटर छापा, ते निदान खरं असतं. आणि डेपोतून रिकामी जाणारी-येणारी बस पण डिझेल जाळते, ते डिझेल वगळू नका.

बाकीचं थोडक्यात. सीएनजी किलोत मोजतात, त्याला डिझेलचा लिटरवाला फॅक्टर (एका लिटरमागे किती उत्सर्जन तो आकडा) लावू नका. इलेक्ट्रिक बस म्हणजे शून्य नाही, विजेचं उत्सर्जन ग्रिडच्या फॅक्टरने धरा, हरित वीज विकत घेतली असेल तर ते आकडे वेगळ्या ओळीत. एसीतला गॅस विसरू नका, आर-१३४ए १ किलो गळला तर १ टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. बायोडिझेल जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड स्कोपच्या बाहेर वेगळा दाखवायचा असतो.

आणि कुठूनतरी उतरवलेली तयार एक्सेल शीट वापरणार असाल तर आधी तिच्यातले फॅक्टर कुठल्या वर्षाचे आहेत ते बघा. मी प्रत्येक फॅक्टरशेजारी वर्ष आणि तो कुठून घेतला ते लिहितो, फॅक्टर किंवा हद्द बदलल्यामुळे आकडा बराच हलत असेल तर पायाभूत वर्षही (ज्या वर्षाशी पुढची तुलना करतो ते) परत मोजतो, आणि ते झाल्याशिवाय आलेख काढत नाही.