जुन्या गाडीला डीआरएल लावायचेत? आधी ते बंद कसे होणार ते ठरवा

नव्या गाड्यांच्या तोंडावर भर दिवसा जे पांढरे दिवे पेटलेले दिसतात ते डीआरएल, म्हणजे डे टाइम रनिंग लाइट. आपल्या जुन्या वॅगनआर, सँट्रो, इंडिका, पहिली स्विफ्ट यांना ते कंपनीतून आलेलेच नाहीत, त्यामुळे बरेच जण अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात जाऊन लावून घेतात आणि तिथेच गडबड होते. दुकानातला पोरगा म्हणतो, "साहेब, डायरेक्ट बॅटरीला देतो, खाली एक स्विच काढतो, पाच मिनिटांचं काम." दिवे लागतात हो, मस्त दिसतात पण. मग एखाद्या रात्री स्विच बंद करायचा राहतो आणि सकाळी गाडीला धक्का मारायला शेजारी शोधावे लागतात, नाहीतर रात्री हेडलाइटबरोबर हे पण फुल पेटलेले आणि समोरचा शिव्या घालतोय. दिवा पेटवणं काही कठीण नाही, बारा व्होल्ट दिले की पेटतो, पण तो आपोआप बंद कधी आणि कसा होणार, सगळं काम त्यातच आहे आणि हा लेख पण जास्त करून त्याच्यावरच आहे.

आधी हे लावायचं कशाला ते. डीआरएलने आपल्याला काही दिसत नाही, आपण दुसऱ्याला दिसतो, एवढाच त्याचा उपयोग. कुंभार्ली घाटासारख्या दोन पदरी रस्त्यावर झाडांच्या सावलीतून येणारी सिल्व्हर किंवा राखाडी गाडी समोरून ओव्हरटेक मारणाऱ्याला पटकन दिसतच नाही, पावसाळ्यात तर रस्ता पण राखाडी, आभाळ पण राखाडी. स्वीडनमध्ये १९७७ पासून दिवसा पण दिवे लावून चालवायची सक्ती आहे, युरोपात फेब्रुवारी २०११ पासून कारच्या नव्या मॉडेलना डीआरएल लागतातच, आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या टू-व्हीलरचा हेडलाइट कायम चालू असतो तो पण याच कारणासाठी. जुन्या कारला मात्र आपल्याकडे कसलीही सक्ती नाही, हौस आणि काळजी म्हणून लावायचे.

"मग दिवसा हेडलाइटच लावून फिरतो की" असं कुणी म्हणेल, तर चालतं, काही चुकीचं नाही त्यात, पण लो बीमचे साधे हॅलोजन दोन मिळून ११० वॅट खातात, वर मागचे दिवे, नंबरप्लेटचा, मीटरचा असे सगळे लागतात आणि बल्ब लवकर जातात. चांगल्या एलईडी डीआरएलची जोडी दहा-बारा वॅटमध्ये भागते, म्हणजे एक अँपियरच्या आतच.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए प्रमाणे परवानगीत न बसणारा बदल केला तर मालकाला एका बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, तुरुंगवासाची पण तरतूद आहे. म्हणून रंग फक्त पांढरा, लाल-निळा पुढे अजिबात नको, लुकलुकणारा-पळणारा नको आणि हेडलाइट फोडून आत पट्ट्या चिकटवायच्या भानगडीत तर पडूच नका. शंका असेल तर आरटीओत विचारून घ्या, तेवढं एक काम लांबलं तरी हरकत नाही.

दिवे कुठले घ्यायचे

बाजारात सिलिकॉनच्या लवचिक पट्ट्या भरपूर मिळतात, भुवयांसारख्या हेडलाइटवर चिकटवायच्या. स्वस्त असतात, एक पावसाळा निघाला तर नशीब, पिवळ्या पडतात, अर्ध्या पेटतात, अर्ध्या नाही. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियम बॉडीचे, मागे पंख्यांसारखे उभे काप असलेले, आयपी६७ (म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे) लिहिलेले आणि पुढच्या काचेवर ई अक्षर आणि आकडा असलेला गोल शिक्का व शेजारी आरएल ही अक्षरं असलेले बघा. आरएल म्हणजे तो दिवा डीआरएल म्हणून तपासून पास झालेला आहे. हा शिक्का युरोपियन नियमाचा, त्यात समोरून प्रकाश कमीत कमी ४०० आणि जास्तीत जास्त १,२०० कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) असावा लागतो, म्हणजे उन्हातही दिसेल आणि समोरच्याचे डोळे पण जाळणार नाही. फिलिप्स, ओसराम, हेला यांनी असे किट काढलेले आहेत. शिक्का छापायला काय लागतं असा प्रश्न पडेल, बरोबरच आहे, म्हणून दुकानात बॅटरीवर पेटवून दहा-पंधरा पावलं लांब जाऊन बघा. दोन्ही सारखे पांढरे दिसले पाहिजेत, एक निळसर आणि एक दुधाळ असेल तर परत द्या.

बाकी सामान: पाच पायांची १२ व्होल्टची रिले (करंट दिला की आपोआप बदलणारा स्विच, प्रत्येक पायाला नंबर असतो) सॉकेटसकट, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसवून तिथून जादा वायर काढायचा जोड), ३ अँपियरचा फ्यूज, १ स्क्वेअर एमएमची ऑटो वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबायचे धातूचे जोड), हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी), काळा कंगोऱ्यांचा फ्लेक्सिबल पाइप आणि केबल टाय. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. रिले घेताना एक बघाच, काही पाच पायांच्या रिलेत मधला पाय ८७ए नसून दोन्ही ८७ असतात, ती आपल्याला चालत नाही. अंगावर छापलेलं वाचून घ्या, दुकानदार "सगळ्या सेमच असतात" म्हणेल.

जागा आणि बसवणं

जमिनीपासून कमीत कमी २५ सेंटीमीटर वर, जास्तीत जास्त दीड मीटर, आणि दोन दिव्यांच्या आतल्या कडांमध्ये निदान ६० सेंटीमीटर अंतर, हे माप धरून चाला. जुन्या हॅचबॅकला बंपरच्या खालच्या काळ्या जाळीच्या दोन टोकांना जागा बरी मिळते. मधोमध लावू नका, लांबून बाइक आल्यासारखी वाटते आणि रेडिएटरची हवा पण अडते.

बंपरवर मास्किंग टेप लावा, नंबरप्लेटचा मध्य धरून दोन्हीकडे माप घ्या, पेन्सिलने खूण करा, पुठ्ठ्याचा दिव्याएवढा तुकडा कापून दोन्ही बाजूंना धरून बघा आणि मग चार पावलं मागे जा. खूप बंपर मुळातच थोडे वाकडे बसलेले असतात, कधीतरी ठोकलेले असतात, त्यामुळे फक्त टेपवर विश्वास ठेवायचा नाही, डोळ्यांना सरळ दिसलं पाहिजे. भोक आधी ३ एमएमच्या ड्रिलने बारीक पाडायचं मग मोठं करायचं, एकदम मोठं ड्रिल घातलं की प्लास्टिक तडकतं. पाठीमागे एसीचा कंडेन्सर किती जवळ आहे ते हात घालून बघितल्याशिवाय ड्रिल चालवूच नका, त्याच्या नळीला टोक लागलं की गॅस गेला आणि डीआरएल पाच आकड्यांत पडले. दिव्याचं तोंड सरळ समोर ठेवायचं, बंपरचा उतार आहे म्हणून आकाशाकडे किंवा बाहेरच्या बाजूला नको, त्यासाठी किटमधले ब्रॅकेट वाकवता येतात.

वायरिंग, इथे सावकाश

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. टेस्टिंगच्या वेळी परत लावावी लागणार आहे, तेवढा कंटाळा करू नका. जुन्या गाडीच्या स्टिरिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.

आपल्याला हवंय ते असं: चावी ऑन केली की डीआरएल लागावेत, पार्किंग किंवा हेडलाइट लावला की विझावेत, चावी काढली की काहीही चालू राहू नये. यासाठी वेगळा स्विच नकोच.

पहिलं काम म्हणजे चावीवर येणारा करंट शोधणं. फ्यूज बॉक्समध्ये टेस्ट लॅम्प किंवा मल्टीमीटर घेऊन बसा, चावी बंद असताना मेलेला आणि ऑन केल्यावर जिवंत होणारा फ्यूज पाहिजे, वायपरचा किंवा एसी ब्लोअरचा बरा पडतो. एअरबॅग, एबीएस, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), फ्युएल पंप यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही, कितीही सोयीचा दिसला तरी. मग तो फ्यूज काढून फ्यूज टॅप बसवा, खालच्या खाचेत गाडीचा मूळ फ्यूज, वरच्या खाचेत आपला ३ अँपियरचा. टॅपला दिशा असते, हे बऱ्याच वायरमनना पण माहीत नसतं. मूळ फ्यूज काढल्यावर दोन खाचांपैकी ज्या खाचेत चावी ऑन असताना १२ व्होल्ट दिसतात तिथे टॅपचा तो पाय गेला पाहिजे ज्यातून दोन्ही फ्यूजना करंट मिळतो. उलटा लावला तरी दिवे पेटतात, म्हणून कळत नाही, पण मग आपला करंट मूळ फ्यूजमधून पण जातो आणि वेगळा फ्यूज लावायचा अर्थच राहत नाही. फ्यूजचा साइज मोठा का मिनी तेही आधीच बघून टॅप घ्या.

आता रिले. टॅपची वायर रिलेच्या ३० नंबरला. दोन्ही डीआरएलच्या लाल वायरी एकत्र करून ८७ए ला. पार्किंग लाइटच्या पॉझिटिव्हवरून एक बारीक वायर काढून ८६ ला. ८५ बॉडीला अर्थ, म्हणजे निगेटिव्ह. ८७ मोकळाच राहतो, त्याला हीट श्रिंक घालून टाका. डीआरएलच्या काळ्या वायरी पण बॉडीला. याचं चालतं कसं, तर रिले झोपलेली असताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात म्हणून दिवे चालू, आणि पार्किंग लावला की रिले टक् करून उचलते, ८७ए सुटतो, दिवे बंद. काही रिलेच्या आत डायोड असतो, तिथे ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ हे उलटसुलट करून चालत नाही, म्हणून पहिल्यापासून तसंच जोडायची सवय ठेवा.

सिग्नल हेडलाइटवरून न घेता पार्किंगवरून घ्यायला सांगतोय त्याला कारण आहे. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्ह तोडत नाही, अर्थ तोडतो, मग तिथून घेतलेली वायर चोवीस तास जिवंत दिसते आणि माणूस डोकं धरून बसतो. पार्किंगचा दिवा हेडलाइट लावल्यावर पण चालूच राहतो, त्यामुळे काम तेच होतं. पुढच्या पार्किंग बल्बच्या होल्डरमागे हात पोचला की मल्टीमीटर लावून खात्री करून घ्या.

किटबरोबर छोटा कंट्रोल बॉक्स आला असेल तर रिलेची गरज पडत नाही, लाल-काळ्या वायरी बॅटरीला आणि तिसरी पार्किंगला, बस. हा डबा व्होल्टेज बघतो, इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्टवर असते, चालू झालं की अल्टरनेटरमुळे १३.८ ते १४.४ होते, तेवढ्यावरून त्याला कळतं. सोपं आहे, पण इंजिन बंद केल्यावर काही वेळ दिवे तसेच राहतात आणि बॅटरीला कायम चिकटलेली एक वायर वाढते. तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. मला स्वतःला रिलेवालीच पद्धत पटते, बिघडलं तर काय बिघडलं ते रस्त्यावरचा कुठलाही वायरमन सांगू शकतो.

वायर ओढताना फ्लेक्सिबल पाइपमधून न्या, गाडीच्या मूळ हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) सोबतीने, रेडिएटरचा पंखा, एक्झॉस्ट आणि पट्टा यांपासून लांब. केबिनमधून बोनेटमध्ये जायचं असेल तर जुन्या रबरी ग्रोमेटमधूनच, पत्र्याला नवीन भोक पाडून नुसती वायर सोडली की कंपनाने पत्रा ती कापतोच, मग शॉर्ट. जोड थिंबल दाबून, वर हीट श्रिंक. बोनेटखाली इन्सुलेशन टेपवर भागवलं तर उन्हाळ्यात गोंद वितळून काळं चिकट होतं आणि टेप सुटून लोंबकळते. अर्थिंगची जागा रंग खरवडून चकचकीत करा, नट घट्ट, वर थोडं ग्रीस.

तपासणी

बॅटरी जोडा. चावी ऑन, डीआरएल लागले. पार्किंग लावा, विझले. हेडलाइट, विझलेलेच. डिपर मारून बघा. चावी काढा, मल्टीमीटरने रिलेच्या ३० वर शून्य आलं पाहिजे. मग इंजिन चालू करून इंडिकेटर लावा, डीआरएल त्याच्या अगदी चिकटून असेल तर दिवसा इंडिकेटर नीट दिसत नाही, असं असेल तर दिवा सरकवा.

आणि घरात जो कोणी ती गाडी चालवतो त्याला एक सांगून ठेवा. डीआरएलने मागचे दिवे लागत नाहीत. पुढे उजेड दिसतोय म्हणून एक्सप्रेस वेच्या भाताण बोगद्यात किंवा खंडाळ्याच्या धुक्यात तसंच गेलात तर मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी दिसणारच नाही. बोगदा, धुकं, जोराचा पाऊस आला की हेडलाइट हाताने लावायचाच.

पहिल्या जोरदार पावसानंतर किंवा वॉशिंग सेंटरला प्रेशरने धुतल्यानंतर काचेच्या आत वाफ धरलीये का बघा, धरली असेल तर वॉरंटीत असतानाच बदलून घ्या, नंतर कोणी ओळख दाखवत नाही. एकच दिवा मिणमिणत असेल तर दहापैकी नऊ वेळा तो अर्थिंगचा नट असतो, दिवा बदलायच्या आधी तो पिळून बघा.