इंडी बँड शोधावा कसा आणि त्याच्या संगीतात रमावे कसे

मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या मर्जीवर न चालता स्वतःची गाणी स्वतः बांधणाऱ्या आणि ती श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्याचा भार स्वतःच उचलणाऱ्या बँडला सर्वसाधारणपणे इंडी बँड म्हटले जाते. असे बहुतेक बँड दिल्ली, मुंबई, बंगळूर अशा शहरांत वाढले. त्यामुळे लातूर, परभणी किंवा हिंगोलीत राहणाऱ्या माणसाच्या कानावर ते आपोआप पडत नाहीत. वरातीत त्यांची गाणी वाजत नाहीत, गणेशोत्सवाच्या मंडपात लागत नाहीत आणि ॲप तर आपण काल जे ऐकले त्याच्याच जातीचे आज पुढे करते. म्हणून शोध आपणच घ्यावा लागतो.

या शोधासाठी माझ्या मते सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे संगीत महोत्सवांच्या जुन्या कलावंत-याद्या. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेला एनएच७ वीकेंडर आणि अरुणाचल प्रदेशात २०१२ पासून भरणारा झिरो महोत्सव यांच्या मागील वर्षांच्या याद्या सहज सापडतात. त्यांतील अनोळखी नावे वहीत उतरवून घ्यावीत आणि प्रत्येकाचे एक गाणे शेवटपर्यंत ऐकावे. भाषेचा अडसर मानू नये. बंगळूरच्या परवाझ या बँडची गाणी उर्दू आणि काश्मिरीत आहेत, तरी ती मराठी माणसाला परकी वाटत नाहीत. जो आवाज दुसऱ्या दिवशी काम करतानाही मनात घोळत राहतो, तो बँड निवडावा आणि बाकीची नावे तूर्त बाजूला ठेवावीत. एकाच वेळी दहा बँड ऐकणाऱ्याला दहा नावे तोंडपाठ होतात, मात्र जीव एकावरही जडत नाही.

निवड झाल्यावर पूर्ण अल्बम, बँडने लावलेल्या क्रमानेच ऐकावा. गाणी उलटसुलट लावणारी शफलची सोय बंद करावी. मोबाइलच्या स्पीकरवर बास गिटार, म्हणजे खालच्या सुरांचे गिटार, जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे साधे, वायरचे का होईना, इयरफोन वापरावेत. लातूरहून नांदेडला जाताना मध्ये रेंज जाते, म्हणून प्रवासापूर्वी घरच्या वायफायवर सारा अल्बम उतरवून घ्यावा. पहिल्यांदा नुसते ऐकावे. दुसऱ्या वेळी फक्त बास गिटारकडे आणि तिसऱ्या वेळी फक्त तालवाद्यांकडे लक्ष द्यावे.

उदाहरण म्हणून १९९० मध्ये दिल्लीत उभ्या राहिलेल्या इंडियन ओशन या बँडचा, २००० मध्ये आलेला ‘कंदिसा’ हा अल्बम घ्यावा. त्यात सातच गाणी आहेत. शीर्षकगीत केरळातील सिरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन स्तोत्रावर आधारलेले असून त्याचा एक शब्दही आपल्याला कळत नाही, तरीही ते धरून ठेवते. ‘मा रेवा’ हे नर्मदेचे लोकगीत आहे आणि बँडचे बासवादक राहुल राम हे नर्मदा आंदोलनात सक्रिय होते, हे कळल्यावर त्या गाण्याचा अर्थ अधिक खोल होतो. बँडचे गायक असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवताच गात असत, हे ठाऊक झाले की पुढच्या वेळी कान आपोआप कंठ आणि तबला या दोहोंमधील नात्याकडे वळतो.

येथे मराठवाड्याच्या श्रोत्याजवळ एक मोठी शिदोरी आहे आणि तिची त्याला बहुधा जाणीव नसते. हा नामदेवांच्या नरसीचा आणि जनाबाईंच्या गंगाखेडचा मुलूख आहे. भजनी मंडळात बसलेल्या माणसाला ध्रुवपद परत कधी येणार, पखवाज दुप्पट लयीत कुठे शिरणार आणि एकाच अभंगाला दुसरी चाल लावली की भाव कसा पालटतो, हे न शिकवता कळते. हाच कान बँडकडे लावावा. गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ प्रत्येक वेळी तशीच येते की तिच्यात काही भर पडते, ठेका कुठे बदलतो, सारी वाद्ये थांबून एकच कुठे उरते, हे टिपावे. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड तर अभंगच गिटार-ड्रमच्या साथीने गातो. आपल्या गावच्या चालीशी त्याची तुलना करून पाहणे हा उत्तम अभ्यास आहे. आठवडाभर असे ऐकूनही मन ओढले गेले नाही, तर तो बँड खुशाल सोडून द्यावा.

ओढ लागली, तर मात्र बँडचा मागचा-पुढचा प्रवास पाहावा. इंडियन ओशनचा ‘डेझर्ट रेन’ हा १९९७ चा अल्बम प्रत्यक्ष कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आहे. डिसेंबर २००९ मध्ये असीम चक्रवर्ती गेले आणि त्यांचा आवाज असलेला ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम बँडने २०१० पासून, महिन्याला एक गाणे याप्रमाणे, श्रोत्यांना विनामूल्य दिला. अल्बमचे नाव म्हणजे दिल्लीतील करोल बागेत ते ज्या जुन्या घरात सराव करीत, त्या घराचा पत्ता. हे सारे माहीत असताना ती गाणी कोरड्या मनाने ऐकता येत नाहीत.

जीव जडल्यावर पैसे मोजणेही ओघाने आले. २०२४ पासून स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर ज्या गाण्याचे मागील बारा महिन्यांतील श्रवण हजारापेक्षा कमी असते, त्याला मानधन मिळत नाही आणि याचा फटका लहान बँडना बसतो. बँडकॅम्प या, बँडना आपले संगीत थेट श्रोत्यांना विकू देणाऱ्या संकेतस्थळावर डिजिटल अल्बम विकत घेतल्यास कंपनी साधारण १५ टक्के कापते, पैसे वळते करण्याचे शुल्कही वजा होते आणि उरलेली रक्कम बँडकडे जाते. एक अल्बम विकत घेणे हा मला तरी सर्वांत सरळ मार्ग वाटतो.

शेवटी प्रत्यक्ष कार्यक्रम. त्यासाठी बहुतेक वेळा पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, म्हणून कार्यक्रमाच्या तिकिटाआधी परतीच्या रात्रीच्या गाडीचे आरक्षण पाहावे आणि शक्यतो एखाद्या मित्राला सोबत न्यावे. सभागृहात अगदी रंगमंचालगत उभे न राहता आवाज नियंत्रित करणाऱ्या टेबलाजवळ जागा धरावी. साऱ्या वाद्यांचा मेळ तेथे बहुधा नीट ऐकू येतो. लहान कार्यक्रमानंतर वादक अनेकदा आपल्या सीडी आणि टी-शर्टच्या टेबलापाशी भेटतात. तेथे त्यांचे कोणते गाणे आपल्या मनात बसले आणि आपण कोणत्या जिल्ह्यातून आलो, हे त्यांना निःसंकोच सांगावे.