ऑफिस हलवताय? मग वजनकाट्यापर्यंतची वायर आधी पाहा

आमच्याकडे जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांची, ऑफिसं हलतात ती एप्रिल-मेमधेच, सीझन संपलेला असते आणि दिवाळीच्या आत सगळं बसवून मोकळं व्हायचं असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका ऑफिसचं नेटवर्क मी नव्या जागेत नेलं, त्यावरून लिहून राहिलो. स्विच, राउटर, आयपी हे तुम्हाला येते असं धरतो.

नव्या जागेत वजनकाट्याची केबिन गेटजवळ आणि ऑफिस पार आत. कॉन्ट्रॅक्टर म्हणे, "भाऊ, 100 मीटरच्या आत आहे, कॅट सिक्सची तांब्याची केबल टाकून देतो, कायले टेन्शन घेता." अंतराचा नियम त्याने बरोबरच सांगितला. मे महिनाभर काट्याची पावती झकास निघाली. मृग लागला, कडकडाट झाला, वीज कुठंतरी शेतात पडली आणि काट्यावरच्या कॉम्प्युटरचं लॅन पोर्ट अन् ऑफिसातला स्विच दोन्ही एकाच वेळी गेले. वीज आमच्या इमारतीवर पडलीच नव्हती, हे नीट ध्यानात घ्या.

काय होते की दोन इमारतींची अर्थिंग वेगवेगळी असते. जवळपास वीज जमिनीत शिरली की त्या क्षणी एका अर्थिंगपाशी दुसरीपेक्षा हजारो व्होल्ट जास्त चढू शकतात, आणि मधात तुमची तांब्याची केबल दोघींना जोडून बसलेली. इथरनेट पोर्टच्या आतलं इन्सुलेशन साधारण 1500 व्होल्टच्या हिशोबाने केलेलं असते, त्यामुळे रोजचा दोन-चार व्होल्टचा फरक त्याला काहीच करत नाही आणि म्हणूनच टेस्टिंगमधे सगळं हिरवं दिसते, पिंग चालते, स्पीड येते, सगळे खुश. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या प्लेटपासून सुटते, खड्ड्यात पाणी टाकायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. शिल्डेड, म्हणजे आत धातूचं आवरण असलेली, केबल टाका म्हणणारेही भेटतील. दोन्ही टोकांना शिल्ड अर्थ केलं तर करंटला आणखी एक रस्ता दिला, दुसरं काय.

म्हणून सांगतो, इमारत बदलली की तांबं नको, फायबर टाका. काचेतून वीज जात नाही. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरमधला उजेडाचा सिग्नल तांब्याच्या केबलसाठी बदलून देणारे डबे, झालं. आर्मर्ड फायबर घेतली तर तिचं लोखंडी कवच रॅकपर्यंत ओढत आणू नका, इमारतीत शिरतानाच संपवा. काट्याच्या केबिनला स्वतःचा यूपीएस आणि सर्ज प्रोटेक्टर द्या, कारण विजेच्या लाइनमधूनही झटका येतोच. आणि पहिल्यांदा जागा पाहायला जाल तेव्हा वायरमनला सोबत न्या. व्हिडिओ पाहून क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर बसवणं, शिकता येते बाप्पा, पण त्या जागेची अर्थिंग व्हिडिओत दिसत नाही. माझं तर मत आहे की फोनवर "फोटो पाठव" म्हणणाऱ्या नागपूरच्या सीनियरपेक्षा गावातला जुना वायरमन या बाबतीत जास्त कामाचा.

घाबरू नका पण. बाकीचं काम शांतपणे केलं की होऊन जाते. केबल स्वस्त मिळाली तर ब्लेडने तार खरवडून पाहा, आत पांढरं निघालं म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, परत करा. टिनाच्या शेडखाली रॅक अजिबात नको, मेमधे पारा 45 च्या वर जातो आणि साध्या स्विचवर बहुतेक वेळा 40 डिग्रीपर्यंतच लिहिलेलं असते. काढायच्या आधी प्रत्येक पोर्टचा फोटो घ्या, वायरच्या दोन्ही टोकांना नंबर लावा.

इंटरनेट लाइनचा शिफ्टिंग अर्ज सगळ्यात आधी टाका, नव्या जागेपर्यंत फायबर आहे का हे तोंडी विचारून भागत नाही, लेखी घ्या. स्टॅटिक आयपी असेल तर तो तोच राहणार की बदलणार हेही तेव्हाच विचारा, नाही तर इंटरनेट चालू आणि हेड ऑफिसचं सॉफ्टवेअर बंद अशी गंमत होते, तिकडच्या फायरवॉलमधे जुनाच नंबर टाकलेला असते. जुनी लाइन लगेच सरेंडर करू नका, मालक भाड्यावरून कुरकुर करतील, करू द्या.

हलवायच्या दिवशी काट्याचं मशीन सगळ्यात शेवटी बंद करा आणि नव्या जागी सगळ्यात आधी चालू करा, सीझन नसला तरी सरकीच्या अन् गाठींच्या गाड्या येतच असतात, ड्रायव्हर गेटवर पावतीसाठी थांबलेला असते, अकाउंटवाल्यांचे कॉम्प्युटर दुपारून लावले तरी चालते.