पोपांच्या भ्रष्टाचाराचा इतिहास कसा वाचावा: चार रकान्यांची वही

फोर्टमधल्या टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात इटालियन कवी दांतेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे एक अतिशय जुने हस्तलिखित आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ते संस्थेला दिले होते. या काव्याच्या नरकखंडातील एकोणिसाव्या सर्गात खडकाला गोल भोके पाडलेली आहेत, त्यांत माणसे डोके खाली आणि पाय वर अशी खुपसलेली आहेत आणि त्यांच्या तळपायांवर ज्वाळा फिरत आहेत. त्यांतला एक जण पोप निकोलस तिसरा आहे. जवळ कोणी आल्याची चाहूल लागताच त्याला वाटते की आपल्या जागी येणारा बॉनिफेस वेळेआधीच येऊन ठेपला. काव्यातला प्रवास 1300 सालचा आहे आणि पोप बॉनिफेस आठवा 1303 मध्ये वारला. म्हणजे त्या वेळी रोममध्ये गादीवर असलेल्या पोपाची नरकातली जागा दांतेने आधीच राखून ठेवली. ती जागा धर्मपदांचा बाजार मांडणाऱ्यांची आहे, आणि ती दाखवणारा कवी स्वतः श्रद्धावान कॅथलिक होता.

दादरच्या आमच्या लहानशा अभ्यासमंडळात आम्ही या विषयाची सुरुवात याच सर्गापासून करतो. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘दहा पापी पोप’ छापाच्या याद्यांतून सुरुवात केली, तर माणूस आधी चिडतो आणि मग विषय सोडून देतो, हा आमचा अनुभव आहे. म्हणून वाचायला बसण्यापूर्वी एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखावेत. पहिल्यात नेमका व्यवहार काय झाला ते लिहावे, दुसऱ्यात तो त्या काळच्या कोणत्या नियमाच्या विरुद्ध होता ते, तिसऱ्यात हे सांगणारा कोण आणि त्याचे हितसंबंध कोणते, आणि चौथ्यात चर्चच्या आतूनच त्याला विरोध करणारे कोणी होते का, ते लिहावे. ‘भ्रष्ट’ हा शब्द मात्र चारही रकाने भरेपर्यंत वहीत येऊ देऊ नये.

पहिल्या रकान्यासाठी सर्वांत चांगला धडा म्हणजे पोप लिओ दहाव्याच्या काळातले जर्मनीतल्या माइन्झचे प्रकरण. 1514 मध्ये ब्रँडनबर्गच्या राजघराण्यातील आल्ब्रेख्ट याची माइन्झच्या आर्चबिशपपदी निवड झाली. त्याचे वय तेव्हा 23 होते, म्हणजे नियमाने लागणाऱ्या वयापेक्षा कमी, आणि त्याच्याकडे माग्डेबुर्गचे आर्चबिशपपद आधीपासूनच होते. दोन्ही पदे एकाच वेळी सांभाळण्यासाठी रोमची खास सवलत हवी होती आणि ती सवलत फुकट मिळत नव्हती. त्याने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून कर्ज काढून रोमचे देणे भागवले. हे कर्ज फिटावे म्हणून त्याच्या प्रदेशात इंडल्जन्सची पत्रे विकण्यास पोपने परवानगी दिली. त्यातून येणारा निम्मा पैसा रोममधील सेंट पीटर्सच्या बांधकामाला आणि निम्मा पेढीला, असे ठरले. पत्रे खपवणाऱ्या प्रवचनकारांबरोबर पेढीचा माणूसही गावोगाव हिंडत असे. येथे एक बारकावा वहीत अवश्य टिपावा. इंडल्जन्स म्हणजे पापाची क्षमा नव्हे. क्षमा मिळाल्यानंतरही भोगावयाच्या शिक्षेत मिळणारी ती सूट होय. मराठी पुस्तकांत सरसकट ‘पापमुक्तीची पत्रे’ असे छापलेले असते आणि त्यामुळे वाद कशावरून पेटला हेच कळत नाही. प्रोटेस्टंट चळवळीचा आरंभ करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने 31 ऑक्टोबर 1517 रोजी आपली 95 प्रमेये पत्रासोबत पाठवली ती याच आल्ब्रेख्टला. सवलत, कर्ज, वसुली आणि वाटणी हे चार शब्द पहिल्या रकान्यात लिहून झाले की पोपच्या मेजवान्यांची वर्णने वाचण्याची गरज फारशी उरत नाही.

दुसऱ्या रकान्यात घाई करू नये. आजच्या नियमाने जुन्या माणसाला तोलणे सोपे असते. 867 मध्ये पोप झालेला एड्रियन दुसरा विवाहित होता, आणि तेवढ्यावरून त्याला कोणी पापी ठरवले नाही. धर्मगुरूने केलेला विवाह मुळातच अवैध, हे लॅटरनच्या दुसऱ्या परिषदेने 1139 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. अलेक्झांडर सहावा, म्हणजे रोद्रिगो बोर्जा, 1492 मध्ये पोप झाला तो या नियमानंतर साडेतीनशे वर्षांनी, त्यामुळे त्याच्या मुलांविषयी लिहिताना हा रकाना स्पष्ट भरता येतो. नातलगांना पदे आणि जमिनी देण्याचे तसे नाही. पोपच्या पुतण्याला कार्डिनल करणे ही शतकानुशतके जवळजवळ रीतच होती आणि तिला कायद्याने आळा घातला तो इनोसंट बाराव्याने, 1692 मध्ये. आपल्याकडे देवस्थान इनामाचे उत्पन्न सेवेसाठी दिलेले असते आणि हळूहळू ते घराण्याची मालमत्ता समजले जाऊ लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला युरोपातील धर्मपदांना जोडलेल्या जमिनींचे काय झाले ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

धर्मपदाची विक्री मात्र फार पूर्वीपासून निषिद्धच होती. पवित्र आत्म्याची शक्ती पैसे देऊन मागणाऱ्या सायमनची गोष्ट नव्या करारातच आहे आणि त्याच्याच नावावरून या दोषाला ‘सायमनी’ म्हणतात. तरीही 1045 चे प्रकरण वाचताना थांबावे लागते. त्या वर्षी बेनेडिक्ट नवव्याने पैसे घेऊन पोपपद सोडले, आणि ते पैसे देणारा ग्रेगरी सहावा हा सज्जन म्हणून ओळखला जाणारा धर्मगुरू होता. एका अयोग्य माणसाला गादीवरून दूर करणे हा त्याचा हेतू होता असे मानले जाते. पुढल्याच वर्षी सुत्रीच्या धर्मसभेत सायमनीच्याच कारणावरून त्याला पायउतार व्हावे लागले. चांगल्या हेतूने दिलेली लाच कोणत्या रकान्यात लिहावी, यावर आमच्या मंडळात एक अख्खी संध्याकाळ गेली होती, आणि ती वाया गेली असे मला अजिबात वाटत नाही.

तिसऱ्या रकान्यात वाचकाची खरी कसोटी लागते. दहाव्या शतकातील पोप जॉन बाराव्याच्या दुराचारांची जी भयंकर यादी सगळीकडे आढळते, ती प्रामुख्याने क्रेमोनाचा बिशप ल्युटप्रांड याच्याकडून आली आहे. 963 मध्ये ज्या धर्मसभेने जॉनला पदच्युत केले ती सम्राट ऑटोच्या पुढाकाराने भरली होती आणि ल्युटप्रांड तेथे ऑटोचा दुभाषी होता. म्हणून त्याने लिहिलेले सारे खोटे ठरत नाही, पण तो एका पक्षाचा माणूस होता हे नावापुढे लिहायलाच हवे. अलेक्झांडर सहाव्याची मुलगी लुक्रेझिया बोर्जा हिचे आपल्या पित्याशी अनैतिक संबंध होते, हा आरोप पुढे आला तो तिचा पहिला पती जोव्हान्नी स्फोर्झा याच्याकडून. नपुंसकत्वाचे कारण दाखवून त्याचा विवाह 1497 मध्ये रद्द करण्यात येत होता. असा माणूस रागाच्या भरात काय बोलेल, हे आपल्याकडच्या कोणत्याही कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात उभे राहिले तरी समजते. ‘ख्रिस्ताची दंतकथा आपल्याला किती फायद्याची ठरली’ हे लिओ दहाव्याच्या तोंडी घातलेले वाक्य तर जॉन बेल या इंग्रज प्रोटेस्टंटाच्या उपरोधिक लेखनातून आले आहे. ते वहीतून सरळ काढून टाकावे. ‘पोप जोन’ ही स्त्री पोपची कथा तेराव्या शतकापासून पुढे दिसते, आणि तिचा फोलपणा सतराव्या शतकात दाखवून दिला तो डेव्हिड ब्लोंडेल या प्रोटेस्टंट अभ्यासकाने.

मात्र हितसंबंध सापडला की साक्ष फेकून द्यावी, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. दांतेला फ्लॉरेन्समधून हद्दपार व्हावे लागले त्यामागे बॉनिफेसचेच राजकारण होते, म्हणजे त्याचा राग खाजगीही होता. लोरेन्झो व्हाल्लाने 1440 मध्ये ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’, म्हणजे सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेकडील सत्ता दिल्याचा दस्तऐवज, बनावट असल्याचे सिद्ध केले, तेव्हा तो पोपशी भांडण चाललेल्या आरागॉनच्या राजाच्या आश्रयाला होता. तरीही त्याचा युक्तिवाद दानपत्राच्या लॅटिन भाषेवर उभा होता आणि तो आजवर टिकला आहे. साक्षीदाराचा स्वार्थ आणि साक्षीचा पुरावा या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात.

इतके जमले की मुंबईचे एक प्रकरण स्वतः भरून पाहावे. आशियातील चर्चमध्ये नेमणुका सुचवण्याचा पोर्तुगालच्या राजाचा हक्क, ज्याला पाद्रोआदो म्हणतात, त्याला ज्यांनी बळकटी दिली त्या पोपांत लिओ दहावाही होता. 1622 मध्ये रोमने धर्मप्रसाराचे स्वतंत्र खाते काढले आणि दोन अधिकार एकमेकांसमोर उभे राहिले. मुंबई बेटावर 1720 मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना हटवून रोमच्या त्या खात्याखालचे कार्मेलाइट संघाचे धर्मगुरू आणले, आणि 1794 पासून शहरातील चर्चेस दोन अधिकारांत वाटली गेली. येथे लाच कोणी घेतली ते शोधू नये. नेमणुकीचा हक्क हीच संपत्ती झाली की श्रद्धाळू माणसाचे काय होते, ते पाहावे. सेंट झेवियर्स कॉलेजमधील हेरास संस्थेत यासाठी बसता येते.

चौथा रकाना मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो भरल्यावाचून हा इतिहास निव्वळ शिव्यांची यादी राहतो. अकराव्या शतकात पीटर डेमियनने धर्मगुरूंच्या अनाचाराविषयी थेट पोप लिओ नवव्याला लिहिले. सिएनाच्या कॅथरीनने पोप ग्रेगरी अकराव्याला फ्रान्समधील आव्हिन्यों सोडून रोमला परतण्याविषयी जी पत्रे पाठवली, त्यांत भीड ठेवलेली नाही. आणि पोप एड्रियन सहाव्याने जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या राजसभेपुढे आपल्या दूताकरवी मान्य केले की या पवित्र गादीच्या ठिकाणी अनेक वर्षे निंद्य प्रकार घडत आले आहेत आणि रोग डोक्यापासून अवयवांपर्यंत पसरला आहे. ही कबुली 1523 च्या जानेवारीत वाचली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात तो वारला.

आमच्या मंडळात वसईहून एक वयस्कर बाई येतात, दर रविवारी न चुकता मिस्साला जाणाऱ्या. पहिल्या तीन रकान्यांच्या वेळी त्या गप्प बसून असत, आणि एकदा त्यांनी विचारले, “असल्या माणसाच्या हातून झालेला बाप्तिस्मा चालतो का हो?” मी त्यांना संत ऑगस्टीनचे उत्तर सांगितले. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील डोनाटस पंथीयांशी वाद घालताना त्याचे म्हणणे होते की संस्कार ख्रिस्ताचा असतो, तो देणाऱ्याच्या चारित्र्यावर अवलंबून नसतो. त्यांनी मान हलवली, पण समाधान झालेले दिसले नाही. एड्रियनची कबुली वाचली त्या दिवशी मात्र त्यांनी वही पुढे ओढली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “हे जरा सावकाश सांगा, मला उतरवून घ्यायचे आहे.”