बदामाच्या पिठाचे ब्लूबेरी स्कोन: मैदा नाही, साखर नाही

लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांच्या बेकिंगचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नाचणीचं पीठ चालेल ना?" नाचणी, ज्वारी, बाजरी ही उत्तम धान्यं आहेत, त्यांत ग्लुटेनही (गव्हातलं चिकट प्रथिन) नाही. पण १०० ग्रॅम पिठात ६० ते ७२ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे मैद्यापेक्षा फार कमी नाहीत. बेसनातही साधारण निम्मा भाग कर्बोदकांचाच. बदामाच्या पिठात मात्र १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातले जवळपास निम्मे तंतू, ज्यांची शरीरात साखर होत नाही. म्हणून हे स्कोन बदामाच्या पिठाचे.

स्कोन म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला, बिस्किट आणि पाव यांच्या मधला पदार्थ, मूळचा स्कॉटलंडचा. ब्रिटनमध्ये तो गोल आणि साधा असतो, जॅम आणि घट्ट साय लावून चहाबरोबर खातात. पिठातच फळं घालून त्रिकोणी तुकडे करायची रीत अमेरिकेतली आणि ब्लूबेरीही तिथलीच. आपण हाच अमेरिकी प्रकार करणार आहोत.

आधी पिठांची ओळख करून घ्या, कारण बहुतेक स्कोन इथेच बिघडतात. बदामाचं पीठ सालं काढलेल्या बदामांचं हवं. घरी करायचं तर बदाम गरम पाण्यात घालून सोला, दोन दिवस पूर्ण सुकवा आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवलात तर तेल सुटून लगदा होतो. मग चाळून घ्या. नारळाचं पीठ म्हणजे डेसिकेटेड खोबरं नव्हे. नारळाचं दूध काढल्यावर उरलेला चोथा सुकवून बारीक दळला की हे पीठ होतं. ते ओलावा प्रचंड शोषतं, म्हणून थोडंच घालायचं. बदामाच्या पिठाऐवजी तेवढंच नारळाचं पीठ घेतलंत तर हाती कोरडा भुगा येईल.

मैद्यात ग्लुटेन पीठ धरून ठेवतं, इथे ते काम अंडं आणि इसबगोल करतात. औषधाच्या दुकानातला साधा इसबगोलचा भुसा चालतो, फक्त बिनसाखरेचा आणि बिनस्वादाचा घ्या.

आठ स्कोनसाठी साहित्य: बदामाचं पीठ २०० ग्रॅम, नारळाचं पीठ ३० ग्रॅम, इसबगोल १ मोठा चमचा, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, दळलेलं एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायची गोड पावडर) ५० ग्रॅम, फ्रीजमधलं थंडगार लोणी ५० ग्रॅम, अंडं १, फ्रेश क्रीम ६० मिली, एका लिंबाच्या सालीचा कीस, ब्लूबेरी १०० ग्रॅम. वाटी-चमच्याने न मोजता पिठं वजन करूनच घ्या.

ओव्हन १७५ अंश सेल्सिअसला तापत ठेवा. ओटीजी असेल तर दोन्ही रॉड चालू आणि ट्रे मधल्या खाचेत. कोरडे जिन्नस एकत्र चाळा, इसबगोल चाळणीत अडकतो म्हणून तो वरून घाला. लोण्याचे बारीक तुकडे करून बोटांच्या टोकांनी पिठात चोळा. मटाराएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. हेच तुकडे ओव्हनमध्ये वितळून स्कोनला खुसखुशीतपणा देतात. मुंबईच्या उन्हाळ्यात लोणी हातातच विरघळतं, तेव्हा पिठाचं भांडंच दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

अंडं, क्रीम आणि लिंबाचा कीस फेटून पिठात घाला आणि चमच्याने हलवा. गोळा सैल आणि चिकट वाटेल. लगेच पीठ वाढवू नका, दहा मिनिटं थांबा. इसबगोल आणि नारळाचं पीठ तेवढ्यात ओलावा ओढून घेतात आणि गोळा आपोआप घट्ट होतो. इतकं करूनही भेगा पडत असतील तर एक चमचा क्रीम घाला.

ब्लूबेरी सगळ्यात शेवटी. ताज्या असतील तर धुऊन पूर्ण कोरड्या करा. फ्रोझन असतील तर वितळू न देता तशाच, चिमूटभर नारळाच्या पिठात घोळवून घाला. सुकवलेल्या ब्लूबेरीत आणि डब्यातल्या फिलिंगमध्ये बहुधा साखर घातलेली असते, ती टाळा. बेकिंग पावडरऐवजी सोडा घालू नका. तो जास्त झाला तर ब्लूबेरीचा जांभळा रंग हिरवट पडतो.

बटर पेपरवर गोळा ठेवून हाताने दोन सेंटिमीटर जाडीचा, सुमारे १८ सेंटिमीटरचा गोल थापा. आठ त्रिकोण कापा, एकमेकांपासून दूर सरकवा आणि २० ते २५ मिनिटं भाजा. बदामाचं पीठ लवकर करपतं, म्हणून पंधराव्या मिनिटाला एकदा डोकवा. कडा तांबूस झाल्या असतील तर वर फॉइल सैल झाका.

बाहेर काढल्यावर हात लावू नका. गरम असताना ते इतके नाजूक असतात की उचलताच मोडतात. ट्रेवरच अर्धा तास राहू द्या. घरभर वास सुटलेला असताना थांबणं अवघड जातं हे मला ठाऊक आहे, पण स्कोनचा खरा पोत याच अर्ध्या तासात तयार होतो.

अंडं खात नसाल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला. स्कोन थोडे बसके होतील, चव छान राहील.

गोडीबद्दल थोडं सविस्तर सांगते. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या सुमारे ७० टक्के असते आणि रक्तातली साखर त्याने जवळजवळ वाढत नाही. मात्र २०२३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण अधिक दिसलं. त्यातून कारण सिद्ध होत नाही, तरी घरात हृदयविकार असेल तर ते निम्मं करा. हे स्कोन कमी गोडही चांगले लागतात. स्टीव्हियाच्या (गोड पानांपासूनच्या) पावडरीत कधीकधी माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारी स्टार्चची पूड, मिसळलेलं असतं, पाकीट वाचून घ्या. ॲस्पार्टेम या कृत्रिम पदार्थाची गोडी उष्णतेने जाते, म्हणून ते इथे नको.

तंतू वजा केले तर एका स्कोनमध्ये सुमारे ५ ग्रॅम कर्बोदकं येतात, मैदा आणि साखरेच्या स्कोनमध्ये ३० च्या आसपास. पण बदाम आणि लोण्यामुळे एकेक स्कोन जवळपास २५० कॅलरींचा होतो, म्हणून एका वेळी एकच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवणातली कर्बोदकं एकदम कमी करणार असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला, नाहीतर साखर खाली जाऊ शकते.

हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतात. खाताना १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये मऊ पडतात.