दात काढण्याआधी पडद्याचे विचारा

दात काढून त्याच बैठकीत इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्यात बसणारा स्क्रू, बसवायचा असेल, तर सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) आणि मधुमेह असल्यास एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) हे डॉक्टर स्वतःच सांगतात. चालू औषधांच्या यादीत हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा घेतलेले इंजेक्शनही लिहावे, कारण नेमके तेच विसरले जाते. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये.

इम्प्लांट गोल आणि दाताची खोबण वेडीवाकडी, त्यामुळे दोहोंत फट उरते. ती साधारण २ मिलिमीटरहून मोठी असली की बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भुकटी, बहुधा भरतात, कारण पुढच्या दातांची ओठाकडची भिंत मुळातच पातळ असते आणि दात गेल्यावर झिजते. भुकटी स्वतःच्या जबड्यातली, मानवी दात्याची, गुरांच्या हाडांची किंवा कृत्रिम असते. गुरांची फार सावकाश विरते आणि आकार टिकवते, म्हणून ती सर्रास वापरतात. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम भुकटी तुलनेने लवकर विरते.

कडक शाकाहारी घरांत भुकटीची चौकशी होते आणि ‘सिंथेटिक आहे’ एवढे ऐकून सगळे निर्धास्त होतात. पडद्याचे कोणी विचारत नाही. भुकटी जागेवर राहावी म्हणून तिच्यावर घालायचा कोलॅजन या प्रथिनाचा पातळ पडदा बहुधा डुकराच्या किंवा गुरांच्या ऊतींपासून केलेला असतो. भुकटी कृत्रिम म्हणून पडदाही कृत्रिम, असे मुळीच नाही. आमच्या घरी हा उलगडा बिल वाचताना झाला. तेव्हा पडद्याचे वेगळे विचारावे आणि उत्तर संमतिपत्रावर लिहून घ्यावे. ‘पडदा लागणारच नाही’ या उत्तरावरही थांबू नये, कारण दात काढताना ओठाकडची भिंत तुटलेली निघाली तर तो ऐनवेळी लागू शकतो आणि मग कपाटात असेल तोच वापरला जातो. कृत्रिम पडदे मिळतात, पण आधी मागवावे लागतात. स्वतःच्या रक्तापासून केलेला पीआरएफ, म्हणजे फायब्रिनचा जेलीसारखा थर, सोयीचा खरा, तरी तो लवकर विरतो. त्याला पडद्याची पूर्ण बदली समजू नये. रक्त थांबवणाऱ्या स्पंजचेही विचारावे, तोही पुष्कळदा प्राणिजन्य असतो.

तारीख गणेश विसर्जनाच्या आसपास नको, पेठांतले रस्ते बंद असतात. तंबाखू, मिश्री बंद. नंतर मऊ भात, जोरात चूळ नाही; भुकटीचे चार कण तोंडात आले तर घाबरू नये, सूज वाढत राहिली तर फोन करावा. खोक्यावरची स्टिकर फाइलला लावून घ्यावीत, पडद्याचेसुद्धा.